गिनीपिग पडवीत की माजघरात?

सुट्टीत मुलांच्या हट्टापायी घरोघरी गिनीपिग आले आणि पाठोपाठ पत्रंही आली. जागेबद्दलचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. खाण्याचं आणि औषधाचं त्यात ओघाने येतंच, कारण किनाऱ्यावर एकाची गैरसोय झाली की दुसरं बिघडतं.

मुलांसाठी गिनीपिगची जोडी आणली. घर जांभ्याचं, कौलारू. परसात आंब्याखाली सशांचं रिकामं खुराडं आहे, वर पत्रा. व्हिडिओंत लोक सर्रास बागेत ठेवताना दिसतात. घरात वास येईल म्हणून वडीलधाऱ्यांना आत नको आहेत. खुराड्यात ठेवले तर चालतील का?
(एक वाचक, गुहागर)

त्या खुराड्यात नको. दिवसा नको आणि रात्री तर नाहीच.

व्हिडिओंतली ती बाग बहुधा इंग्लंडातली असते. तिथे काळजी थंडीची; पारा १५ अंशांखाली उतरला की प्राणी आत घ्या, असा तिथला सल्ला. गुहागरला १५ अंशांची पहाट वर्षात कितीदा उजाडते? आपलं दुखणं दुसऱ्या टोकाला आहे. गिनीपिग मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातला. त्याला १८ ते २४ अंश सेल्सिअस मानवतं. २७-२८च्या पुढे तो सुस्तावतो, आणि ३०च्या वर, त्यात हवा दमट आणि कोंडलेली असेल तर, उष्माघाताची भीती असते. त्याला माणसासारखा घाम येत नाही, कुत्र्यासारखं धापा टाकून अंग निववणं जमत नाही आणि वर दाट केसांची दुलई. किनाऱ्यावर मार्च ते मे दुपारी ३३ ते ३५ अंश हे नेहमीचंच. पूर्वेकडून गरम वारे सुटले की पारा ३८च्याही वर जातो. पत्र्याखालचं खुराडं तर आंब्याच्या सावलीतही बाहेरच्या हवेपेक्षा तापतं.

यावर हमखास सुचवला जाणारा उपाय म्हणजे गोणपाट भिजवून पिंजऱ्यावर टाकणं. विदर्भात वाळ्याचा पडदा गारवा देतो, कारण तिथली उन्हाळी हवा कोरडी. पाणी भराभर उडतं आणि उडताना उष्णता घेऊन जातं. आपल्याकडच्या दमट हवेत ते उडतच नाही. गोणपाट ओलं राहतं, आतला दमटपणा वाढतो आणि प्राणी गार होण्याऐवजी उकडून निघतो.

आता रात्रीचं. परसात मांजर आणि मुंगूस असतंच. कौलांवरून फिरणारा कांडेचोर (उदमांजर), घूस आणि उंदरांच्या मागावर येणारी धामण किंवा नाग हेही धरा. मांजराला आत शिरायचीही गरज नसते. जाळीवर दोन झेपा घेतल्या तरी आतला प्राणी घाबरून स्वतःला आपटून घेतो, कधी धक्क्यानेच मरतो. कोंबड्यांची षटकोनी जाळी घूस कुरतडते आणि तिच्या भोकातून लहान साप आरामात जातो.

तुमच्या घराला पडवी असेल तर उत्तर तिथे आहे: दिवसा पडवी, पण पारा २८च्या वर गेला की आणि रात्री दार लावलेली खोली. पडवी उत्तरेची किंवा पूर्वेची निवडा. पश्चिमेच्या पडवीत दुपारनंतर ऊन येतं आणि जूनपासून तिथेच झड बसते. पूर्वेकडे सकाळचं ऊन नऊपर्यंत येईल, तेवढ्यापुरता पिंजऱ्याच्या अर्ध्या भागावर पाट आडवा लावा.

दोघांसाठी तळ निदान ४ फूट बाय २ फूट हवा. दुकानात मिळणारे दीड-दोन फुटी पिंजरे सशाच्या पिल्लालाही अपुरे. भिंती १४ इंच पुरतात, कारण हा प्राणी उड्या मारणारा नाही. पण वरून झाकण हवंच. तळ जाळीचा नको. पायाची कातडी सोलते, पुढे तळपाय सुजून जखमा होतात आणि त्या महिनोन्महिने बऱ्या होत नाहीत. साधा प्लायवूड एका पावसाळ्यात फुगून सुटतो. मरीन प्लायवर पन्हळी प्लास्टिकचा पत्रा अंथरा आणि त्याच्या कडा चार इंच वर वळवा, म्हणजे लघवी लाकडात मुरणार नाही. जाळी अर्ध्या इंची चौकोनी, वेल्ड केलेली. खालच्या फूटभर उंचीला पाव इंची. खाऱ्या हवेत साधी जस्ताची जाळी सांध्यांपाशी आधी गंजते, म्हणून परवडत असेल तर स्टेनलेस स्टील घ्या. आकडीची कडी नको, सरकती खिटी लावा.

चाकं लावायचा मोह होतो. पण जुन्या घरांचे उंबरठे चार-चार इंच उंच, चाकं तिथेच अडतात. त्यापेक्षा खालचा ट्रे आणि वरचा जाळीचा सांगाडा वेगळा करा. संध्याकाळी दोघांनी उचलून आत नेला की झालं. पिंजरा दोन-अडीच फुटांच्या स्टुलावर ठेवला तर जमिनीची ओलही लागत नाही. मुंग्यांसाठी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात ते बरोबरच, फक्त दर दोन-तीन दिवसांनी पाणी बदला. आठवडाभर साचलं की डासांची पैदास तुमच्याच पडवीत.

वासाबद्दल वडीलधाऱ्यांचं म्हणणं खोटं नाही, पण तो वास प्राण्याचा नसून मुरलेल्या लघवीचा असतो. ही मंडळी बहुतेक एकाच कोपऱ्यात बसतात. त्या कोपऱ्यातला कागद रोज बदला, बाकी अंथरूण दोन-तीन दिवसांनी. लघवीचा पांढरा खर बसला तर पाणी आणि व्हिनेगर निम्मं-निम्मं करून दहा मिनिटं ओतून ठेवा, खरवडल्याशिवाय सुटतो. नाक पिंजऱ्याच्या उंचीवर नेऊन वास घ्या. तिथे डोळ्यांत झोंबत असेल तर त्यांच्या फुप्फुसांना ते चोवीस तास झोंबतंय.

एक विचारायचं राहिलं: ‘जोडी’ म्हणजे नर-मादी का? नर तीन आठवड्यांचा झाला की वयात येतो, मादी चौथ्या-पाचव्या आठवड्यात गाभण राहू शकते. शिवाय मादीचं पहिलं बाळंतपण सहा-सात महिन्यांपर्यंत झालं नाही, तर ओटीपोटाचं हाड आखडतं आणि नंतर पिल्लू अडून मादी दगावू शकते. जाणत्याकडून खात्री करून घ्या आणि दोघं वेगळी करा, किंवा दोन माद्याच ठेवा.

दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बाल्कनी समुद्राकडे. वारा भरपूर असतो, म्हणून पिंजरा तिथेच ठेवला आहे. पण दुपारनंतर ते घरट्यातून बाहेरच येत नाहीत.
(एक वाचक, रत्नागिरी)

समुद्राकडे म्हणजे पश्चिमेला. दुपारी दोनपासून मावळतीपर्यंत ऊन सरळ आत येतं आणि काँक्रीटची भिंत रात्री नऊपर्यंत ती उष्णता सोडत राहते. तुमच्या तोंडाला वारा लागतो; फरशीवर, कठड्याच्या आडोशाला बसलेल्या जिवाला तो लागत नाही.

अंदाजाने ठरवू नका. तापमान आणि आर्द्रता दोन्ही दाखवणारं छोटं डिजिटल यंत्र घ्या, ते पिंजऱ्याच्या तळाशी, त्यांच्या पाठीच्या उंचीवर ठेवा आणि आठवडाभर दुपारी ३ आणि रात्री १० वाजता आकडे लिहा. तीनचा आकडा २८च्या वर जात असेल तर ती जागा त्या महिन्यापुरती बाद. तुमच्याकडे पावसाळ्यातले गार दिवस सोडले तर बहुतेक महिने असंच निघेल. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बाल्कनी उत्तम, तीही कावळ्यांपासून वर झाकण असेल तर.

आत ठेवताना स्वयंपाकघर टाळा. फोडणीचा धूर आणि कुकरची शिट्टी दोन्ही वाईट. दिवाणखान्यात टीव्हीपासून लांबचा, आतल्या भिंतीचा कोपरा बरा. छताचा पंखा चालेल, टेबलफॅनचा झोत अंगावर नको. एसी असेल तर २५-२६वर आणि रात्रभर सारखा. दोन तास १८, मग बंद, अशा हिसक्यांनी सर्दी होते. डासांसाठी कॉइल लावू नका, पिंजऱ्यावर मच्छरदाणीचं कापड टाका. विजेच्या वायरी त्यांच्या तोंडाच्या टप्प्यात ठेवू नका, कुरतडणं थांबवता येत नाही.

गारव्यासाठी गोठवलेली बाटली ठेवायची युक्ती सगळीकडे सांगतात. इथे तिच्यात एक खोट आहे: दमट हवेत बाटलीला इतका घाम फुटतो की तासाभरात खालचं अंथरूण चिंब. ठेवायचीच तर फडक्यात गुंडाळून ताटलीत ठेवा. त्याहून सोपं म्हणजे कडाप्प्याचे किंवा ग्रॅनाइटचे फूटभराचे दोन तुकडे. मार्बलवाल्याकडे कापून उरलेले मिळतात. एक पिंजऱ्यात, एक फ्रिजमध्ये, दुपारी अदलाबदल. काढल्यावर तुकडा कोरड्या फडक्याने पुसून ठेवा.

आमची हापूसची बाग आहे. झाडांखाली गवत मुबलक. गिनीपिग तिथे चरायला सोडले तर विकतच्या खाद्याचा खर्च वाचेल का?
(एक वाचक, देवगड)

खर्च वाचेल, पण कलमांखाली नको. मोहोराच्या सुमारापासून फळं उतरेपर्यंत तुडतुडे आणि भुरीसाठी फवारण्या होतात. औषध ठिबकून खालच्या गवतावर बसतं. गाईला जे पचतं त्याने किलोभराच्या प्राण्याला झटके येऊ शकतात. शेजाऱ्याच्या बागेतला फवाराही वाऱ्याने येतो, म्हणून बांधालगतचं गवतही नको. घराजवळ, जिथे फवारणी कधीच नाही, अशी हरळीची पट्टी राखा.

तिथे चारायला ६ फूट बाय ३ फूट चौकट, चारी बाजूंनी आणि वरून जाळी, खाली उघडी. सकाळी दव सुकल्यावर साडेसातच्या सुमारास सोडा, नऊपर्यंत परत. ऊन सरकतं आणि सावली निघून जाते, तेव्हा घरातलं कोणीतरी तिथे हवं. चौकटीशेजारी मोबाईल बघत बसलं तरी चालेल, पण बसलेलं हवं. त्यात उलटा माठ ठेवा. तोंडाचा काठ फोडून दार केलेला जुना माठ लपायला आणि गारव्याला चांगला, काठ मात्र कानशीने घासून घ्या. जागा रोज बदला. आठवड्यातून एकदा कानामागे गोचीड आहे का ते बघा.

कण्हेर, घाणेरी, एरंड, रुई आणि कच्चं अळू यांच्या आसपास चौकट नको. कुंडीतला डिफेनबेकियाही विषारीच.

मृगाचं कोवळं गवत आलं की ताटभर टाकू नये. महिनोन्महिने सुकं खाल्लेल्या पोटाला ओलं गवत एकदम पडलं की ते फुगतं, आणि गिनीपिगला ढेकर किंवा उलटीने वायू सोडता येत नाही. पहिल्या दिवशी चिमूटभर, मग रोज वाढवत आठवड्याने मूठ-दीड मूठ. विकतचं खाद्य सोडलं तरी ‘क’ जीवनसत्त्व सुटत नाही. माणसाप्रमाणेच हा प्राणी ते शरीरात बनवू शकत नाही. किलोमागे रोज १० ते ३० मिलिग्रॅम लागतं. २५ ग्रॅम हिरव्या ढोबळी मिरचीत साधारण २० मिलिग्रॅम मिळतं. पेरूची एक फोड किंवा आवळ्याचा करंगळीच्या नखाएवढा तुकडाही चालतो. पाण्यात थेंब टाकू नका, काही तासांत ते निकामी होतं आणि पाण्याची चव बदलल्याने प्राणी पाणी कमी पितो.

गिनीपिग पाळले की घरात उंदीर आणि साप येत नाहीत, असं आमच्याकडे म्हणतात. खरं का?
(एक वाचिका, राजापूर)

उलट आहे. सांडलेल्या दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांवर साप. रात्रीचं उरलेलं खाणं झोपण्याआधी काढा, फक्त सुकं गवत आणि पाणी ठेवा. उंदराची लघवी पडलेल्या गवताने आणि पाण्याने लेप्टोस्पायरोसिसचाही धोका असतो. तो माणसालाही होतो, तेव्हा पावसात पिंजरा साफ करताना हातमोजे घाला.

जुलैत दरवर्षी हेच: गवताला कुबट वास, धुतलेली अंथरुणं चार-चार दिवस वाळत नाहीत, एकाच्या नाकाजवळचे केस जाऊन खपल्या धरल्या आहेत. दुसरा पाठ खाजवून हैराण. त्यांना बाहेर मोकळ्या हवेत हलवावं का?
(एक वाचक, वेंगुर्ला)

पावसात बाहेर अजिबात नको. बाहेरची हवा मोकळी असली तरी ९० टक्के ओली असते. तुमच्या घरात तीन वेगळी दुखणी एकत्र आली आहेत, ती सुटी करून बघा.

नाकाजवळ खपल्या, केस गळून गोल चट्टे: हे गजकर्ण असण्याची शक्यता जास्त. मुलांना लागतं, तेव्हा हाताळल्यावर साबण, आणि त्याचा टॉवेल वेगळा. पाठ-खांदे खाजवून रक्त, स्पर्श केला तरी किंचाळतो: ही बहुधा खरजेच्या किड्यांची लागण. खाज इतकी असते की प्राण्याला झटके येतात, म्हणून त्याला आधी दाखवा. आयव्हरमेक्टिन हे किडे मारणारं औषध चालतं, पण वजनावर मात्रा मोजून, डॉक्टरांच्या हातून. गुरांचं इंजेक्शन ‘थोडंसं’ म्हणून घरी टोचणं म्हणजे जुगार. रॉकेल, कापूर, तंबाखूचं पाणी यातलं काही लावू नका. ते चाटून घेतात.

आपल्याकडे तालुक्याच्या दवाखान्यात गाई-म्हशी जास्त येतात, गिनीपिग क्वचित. म्हणून तुम्हीच आठवण करा: पेनिसिलिन आणि अमॉक्सिसिलिन तोंडावाटे गिनीपिगला देत नाहीत. आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातक वाढतात आणि दोन-चार दिवसांत जुलाब होऊन प्राणी जातो. पावसातल्या शिंका आणि नाक गळणं यासाठी औषध लागलं तर दुसरं कोणतं द्यायचं, ते डॉक्टर ठरवतील.

गवताचं काम आगोटीत, म्हणजे पावसाच्या तोंडावरच व्हायला हवं. दोघांना नासधूस धरून रोज १०० ते १५० ग्रॅम, म्हणजे चार महिन्यांना १२ ते १८ किलो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापून खडखडीत वाळवलेलं गवत मे महिन्यात पुन्हा एक दिवस उन्हात टाका, संध्याकाळी पूर्ण निवू द्या आणि झाकणाच्या प्लास्टिक पिंपात दाबून भरा. गरम भरलं तर झाकणाखाली दव सुटतं आणि तिथूनच बुरशी धरते. पिंप जमिनीवर नको, पाटावर. एक मोठं ठेवण्यापेक्षा तीन लहान बरी, कारण उघडलेल्या पिंपातलं महिन्यात संपायला हवं. मूठभर गवत पांढऱ्या कागदावर झटकून बघा. करडी भुकटी पडली किंवा नाकात कुबट वास गेला तर ते सरळ खड्ड्यात. धुऊन, भाजून, ऊन दाखवून बुरशीचं विष जात नाही. भाताचा पेंढा पोट भरायला देऊ नका, पोषण नगण्य. खाली अंथरायला थोडा चालतो, त्याची टोकं मात्र डोळ्यांत जातात.

अंथरुणासाठी सॉमिलचा बारीक भुसा नको, धूळ छातीत जाते. भाताच्या तुसांचंही तेच. सोडणाचा (नारळाच्या सालीचा) भुगा ओल धरून ठेवतो. पावसात सर्वांत कमी त्रासाचं म्हणजे खाली वर्तमानपत्राचे आठ-दहा थर, त्यावर जुना टॉवेल, वर पातळ फ्लीसचं पांघरूण. नवं फ्लीस सॉफ्टनर न घालता तीन-चारदा धुवा, नाहीतर लघवी वरच तरंगते. गोधडी वापरू नका, ती जुलैत वाळायची नाही. चार जोड हवेत: एक खाली, एक धुण्यात, दोन पंख्याखाली. जोड वाळला नसेल तर त्या दिवशी नुसते कागद. ओल्या अंथरुणाला माशा येतात, मागच्या बाजूच्या ओल्या केसांत अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या कातडीत शिरतात. पावसात रोज एकदा प्राणी उताणा करून मागची बाजू बघाच.

वजन दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर. मोठ्याचं ७०० ते १२०० ग्रॅम असतं. आठवड्यात ५० ग्रॅम उतरलं तर लक्षण दिसायची वाट बघू नका.

मे महिन्यात दुपारी वीज गेली आणि तासाभरात एक गिनीपिग आडवा पडला. थंड पाण्यात बुडवला, तरी गेला. काय चुकलं?
(एक वाचक, अलिबाग)

वाईट वाटलं. बर्फगार पाण्याने कातडीखालच्या रक्तवाहिन्या एकदम आकसतात, आतली उष्णता आतच कोंडते, वर धक्का बसतो. दुसरा आहे म्हणून सांगतो. अंग लांब टाकून पडणं, भराभर श्वास, तोंडाजवळची लाळ, तापून लाल झालेले कान यातलं एकही दिसलं तर आधी घरातल्या सर्वांत गार फरशीवर न्या. बहुतेक घरांत ती न्हाणीघराची असते. माठातलं नव्हे, नळाचं साधं पाणी. फडकं त्यात भिजवून पिळा आणि कानांवर, चारही पावलांवर, मांड्यांच्या आत लावा, दोन-दोन मिनिटांनी बदला, पुठ्ठ्याने वारा घाला. इथे ओलं फडकं उपयोगी पडतं, कारण ते थेट अंगाला लागून उष्णता ओढतं आणि वारा तुम्ही घालता. सिरिंजने पाणी ओतू नका, फुप्फुसात जातं. डोकं वर धरायला लागला की वाटीतून स्वतः पिऊ द्या. शुद्धीवर आला तरी त्याच दिवशी डॉक्टर. मूत्रपिंडाचं नुकसान दुसऱ्या दिवशी दिसतं.

वीज जाण्याचे दिवस ठरलेलेच असतात. एप्रिलपासून फ्रिजमध्ये कडाप्पा आणि घरात चार्जिंगचा छोटा पंखा तयार ठेवा.

सशांबरोबर एकाच पिंजऱ्यात ठेवले तर एकमेकांना सोबत होईल का?
(एक वाचक, दापोली)

नाही. सशाच्या मागच्या पायाची एक लाथ गिनीपिगची बरगडी मोडते. ससा स्वतः ठणठणीत असून बोर्डेटेला हा जंतू बाळगतो, त्याने गिनीपिगला न्यूमोनिया होतो. कुत्र्याकडूनही तो येऊ शकतो. सशाच्या खाद्यात ‘क’ जीवनसत्त्व घातलेलं नसतं. सोबत हवी तर दुसरा गिनीपिगच आणा, आणि आणल्यावर दोन-तीन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवून खरूज आणि शिंका नाहीत याची खात्री करा. खाणं-पाणी आधी जुन्याचं, मग नव्याचं.